तोंड एकाचं, गळा दुसऱ्याचा



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात तार जोडतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. इंग्रजी डिक्शनरी उशाला घेऊन शिकलोय. तेव्हा उच्चार चुकला तर सांभाळून घ्या. साल चुकलं तर मात्र पत्र टाका.

विषय अमेरिकेचा आहे. तिथल्या संगीत नाटकांचे सिनेमे झाले तेव्हा कुणाला घेतलं, कुणाला गाळलं आणि कुणाच्या तोंडात कुणाचा गळा बसवला, याचा. हे माझ्या डोक्यात का शिरलं ते आधी सांगतो. आपल्या मंडळाच्या जलशावर शहरातल्या एका पार्टीला सिनेमा काढायचाय. दोघं जण येऊन तालीम बघून गेले. आक्का गायली तेव्हा एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं. आणि चहा पिताना तोच म्हणाला, "गाणी हीच ठेवू. चेहरे मात्र आम्ही आणू. आवाजही जरा ट्रेन्ड लागेल." आक्का नुसतं "बरं" म्हणाली, पदर खोचला आणि कपबशा विसळायला गेली.

तिचं ते 'बरं' डोक्यात घेऊन मी आठवडाभर रात्रपाळी केली.

'शो बोट' हे नाटक न्यूयॉर्कच्या झिगफेल्ड थिएटरात २७ डिसेंबर १९२७ ला उभं राहिलं. एडना फर्बरची कादंबरी, जेरोम कर्नचं संगीत, ऑस्कर हॅमरस्टाईनची गाणी. मिसिसिपी नदीवरून गावोगाव फिरणारी नाटकाची बोट, म्हणजे पाण्यावरचा तमाशाचा फडच म्हणा. त्यात ज्युली नावाची नटी आहे. ती गोरी म्हणून वावरते, पण अंगात काळ्यांचं रक्त आहे. नवरा स्टीव्ह गोरा. त्या राज्यात काळ्यागोऱ्याचं लग्न गुन्हा. कुणीतरी चुगली करतो, फौजदार बोटीवर चढतो. तो यायच्या आत स्टीव्ह चाकू काढतो, ज्युलीच्या हाताला चीर देतो आणि तिचं रक्त तोंडानं ओढून घेतो. मग फौजदाराला सांगतो, माझ्याही अंगात काळं रक्त आहे. एक थेंब असला तरी माणूस काळाच, असा तिथला हिशोब. त्यांच्याच हिशोबानं त्यांची बोलती बंद केली. बोट तरी सोडावीच लागते दोघांना.

ज्यांच्या आज्याची सावलीसुद्धा बाटवायची, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

आता भूमिका कुणाला दिल्या ते बघा. ज्युली झाली हेलन मॉर्गन, गोरी. बोटीवरची काळी स्वयंपाकीण क्वीनी झाली टेस गार्डेला, तीही गोरी, तोंडाला काळं फासून. म्हणजे एका थेंबापायी बाईला बोटीवरून उतरवतात, हे सांगणाऱ्या नाटकातच काळ्या बाईच्या चुलीपुढं रंगवलेली गोरी बाई उभी! आणि नाटकाची सुरुवातच कोरसमधून काळ्यांना दिलेल्या शिवीनं होत होती.

१९३६ ला त्याचा सिनेमा आला. इथं कबूल करायला पाहिजे की सिनेमा नाटकापेक्षा एक पाऊल पुढं गेला. क्वीनी झाली हॅटी मॅकडॅनियल, खरी काळी. गोदीवरचा हमाल जो झाला पॉल रोबसन. ज्युली मात्र तीच, हेलन मॉर्गन.

रोबसनवर थोडं थांबतो. त्याचा बाप गुलामगिरीत जन्मला आणि पळून सुटला. पोरगा १९२३ ला कोलंबिया विद्यापीठातून वकील झाला. त्याच कोलंबियात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. रोबसन वकिलीच्या ऑफिसात गेला तर गोरी स्टेनो म्हणाली, काळ्याकडून डिक्टेशन घेणार नाही. त्यानं वकिली सोडली. बडोद्यात बाबासाहेबांच्या टेबलावर शिपाई लांबूनच फायली फेकायचे, ते आठवलं का? पुढं नाटक-सिनेमात त्याला मिळाला तो हमालच. पण त्यानं एक केलं. नदीवरचं ते प्रसिद्ध गाणं बाहेर सभा-मैफलींत गाताना, तिसाव्या दशकाच्या शेवटापासून त्यानं त्याचे शब्दच बदलून टाकले. जिथं हमाल थकून हात टेकत होता, तिथं तो झुंजायला लागला. चाल कर्नचीच राहिली. सरकारनं १९५० ला त्याचा पासपोर्ट काढून घेतला तो १९५८ पर्यंत दिला नाही. भूपेन हजारिकांनी तेच गाणं मनात धरून ब्रह्मपुत्रेचं, पुढं गंगेचं गाणं केलं. तेही कोलंबियाचेच विद्यार्थी.

परत ज्युलीकडं. १९४६ ला एम. जी. एम. कंपनीनं कर्नच्या आयुष्यावर पिक्चर काढला. त्यात 'शो बोट'चा तुकडा होता आणि ज्युली म्हणून उभी होती लीना हॉर्न. काळी, देखणी, गाणारी. ह्याच कंपनीत लीनाची गाणी सिनेमात अशी सुटी घालायचे की दक्षिणेकडच्या राज्यांत कात्री लावली तरी गोष्ट तुटू नये. सोलायला सोपं साल! तर तुकडा तिला मिळाला. १९५१ ला त्याच कंपनीनं अख्खा 'शो बोट' पुन्हा काढला तेव्हा ज्युली कोण? एव्हा गार्डनर. गोरी. काळ्यागोऱ्याचा संसार पडद्यावर दाखवायला त्यांच्या सेन्सॉरच्या नियमांची बंदी होती. गोऱ्या नटीनं काळेपण नुसतं तोंडी सांगितलं की चालत होतं. लीना पुढं सांगायची की तिच्यासाठी म्हणून तयार केलेला मेकअपचा रंग कंपनीनं एव्हाला फासला. बरं, पडद्यावर एव्हाला गाऊही दिलं नाही. गळा ॲनेट वॉरन नावाच्या तिसऱ्याच बाईचा.

तुम्ही म्हणाल, यात काय नवल? आपल्याकडं सगळ्या हिरॉइनी लताबाईंच्या गळ्यानंच गायल्या. खरंय. आणि हा घाव तिकडं गोऱ्यांनाही बसला. 'माय फेअर लेडी' रंगमंचावर १९५६ पासून गाजवलं ज्युली अँड्र्यूजनं, आणि १९६४ च्या सिनेमात घेतली ऑड्री हेपबर्न, मोठं नाव म्हणून. तिची बरीचशी गाणी गायली मार्नी निक्सन. पण पुढं बघा. ज्युली अँड्र्यूजला त्याच साली 'मेरी पॉपिन्स' मिळाला, त्यावर ऑस्कर मिळालं. लीना हॉर्न नाइटक्लबात गात राहिली. मार एकच, पण एकीला पडल्यावर खाली गादी होती.

आता जी गोष्ट मला झोपू देत नाही ती. 'कारमेन जोन्स'. बिझे नावाच्या फ्रेंच संगीतकाराच्या ऑपेराचे सूर, त्यावर हॅमरस्टाईननं रचलेली नवी गाणी, आणि पात्रं सगळी काळी. १९४३ ला ब्रॉडवेवर आलं. कारमेनचं काम दमवणारं म्हणून दोघी आलटूनपालटून करायच्या, म्युरिएल स्मिथ आणि म्युरिएल रान. दोघी काळ्या. ऑपेराचे ते उंच सूर रोज प्रेक्षकांसमोर उभ्यानं गायच्या.

१९५४ ला सिनेमा झाला. दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर. नटनट्या सगळ्या काळ्या, ही त्या काळात मोठीच गोष्ट. कारमेन झाली डोरोथी डँड्रिज. प्रमुख भूमिकेच्या ऑस्करसाठी नाव गेलेली ती पहिली काळी बाई. डोरोथी स्वतः क्लबात गाऊन पोट भरणारी गायिका. जोडीला हॅरी बेलाफोंटे, तोही गायकच. आणि दोघांचेही गळे काढून घेतले. ऑपेराला ऑपेराचाच गळा लागतो, असा मुद्दा. मुद्दा खोटा नाही. क्लबातला गळा तिथं पोचत नाही हे मलाही कळतं. पण मग कारमेनसाठी गळा आणला कुणाचा? मॅरिलिन हॉर्न, वीस वर्षांची गोरी पोरगी. पुढं ती जगातली मोठी गायिका झाली, तिच्याशी माझं भांडण नाही. माझा प्रश्न एवढाच की जिनं रंगमंचावर हेच सूर सिद्ध करून दाखवले होते, ती म्युरिएल स्मिथ जिवंत होती, गात होती. मग?

ती कुठं होती ते ऐका. १९५२ च्या 'मुलां रूज' सिनेमात झा झा गाबोर नावाची गोरी नटी गाताना दिसते. गळा म्युरिएल स्मिथचा. १९५८ च्या 'साउथ पॅसिफिक'मध्ये ब्लडी मेरीचं काम केलं हुआनिता हॉलनं. ब्रॉडवेवर हीच भूमिका गाऊन तिनं टोनी पारितोषिक घेतलं होतं. सिनेमात तिचाही गळा काढला आणि बसवला कुणाचा? म्युरिएल स्मिथचा. म्हणजे ह्या बाईचा गळा दोन सिनेमांत दुसऱ्यांच्या तोंडात चालला, आणि तिच्या स्वतःच्या कारमेनला मात्र गोरा गळा. रिंगवर बॉबिनं कुणाचीही कुठंही चढतात. माणसाचा गळा म्हणजे बॉबिन आहे का?

ह्यावर कुणी इलाज केला का? एक केला गेला. 'पोर्गी अँड बेस', १९३५, जॉर्ज गर्श्विन. आधी अल जोल्सन हा गोरा गायक तोंडाला काळं फासून पोर्गी करायला टपला होता. गर्श्विननं काळे गायकच घेतले. पुढं त्याच्या वारसांनी अटच घातली की रंगमंचावर हे काम काळ्यांनीच करायचं. १९३६ ला नाटक वॉशिंग्टनला गेलं. नॅशनल थिएटरात काळ्यांना प्रवेश नव्हता. पोर्गी करणारा टॉड डंकन आणि बेस करणारी ॲन ब्राउन अडून बसले, आमची माणसं खुर्चीवर बसणार नसतील तर आम्ही गाणार नाही. मालकाला नमावं लागलं, त्या प्रयोगांपुरती तिथली शिवाशिव मोडली.

पण अटीचीही दुसरी बाजू आहे, ती लपवत नाही. १९५९ च्या सिनेमात बेलाफोंटेनं पोर्गी नाकारला. गुडघ्यावर सरपटणारा काळा त्याला करायचा नव्हता. सिडनी पॉइटिएनं मन मारून केला, गळा रॉबर्ट मॅकफेरिनचा. तिथं गळा तरी काळ्याचाच होता. आणि अट एकाच नाटकाला लागली की तेवढंच नाटक आपल्या वाट्याला येतं, बाकीची दारं बंदच. वर पळवाटा. बुडापेस्टच्या ऑपेरानं गोरे गायक घेऊन हे नाटक केलं. गायकांना सही करायला लावली की आफ्रिकन-अमेरिकन ओळख आमच्यात मुरलेली आहे. २०१९ ला ही बातमी जगभर झाली. वाचून मी खात्यातच मोठ्यानं हसलो. बोगस जातीचे दाखले फक्त आपल्याच तहसीलमध्ये निघतात असं नाही!

'वेस्ट साइड स्टोरी'चं थोडक्यात. १९६१ च्या सिनेमात पोर्तो रिकोची मारिया नताली वूड. गळा पुन्हा मार्नी निक्सन. रिटा मोरेनो जन्मानं पोर्तो रिकन, तरी तिला वरून गडद रंग फासला. खऱ्या माणसालाही त्यांच्या मनातला रंग लावावा लागतो! २०२१ ला स्पीलबर्गनं पुन्हा काढला तेव्हा त्या बाजूचे नट लॅटिनो घेतले, स्पॅनिश संवादांखाली इंग्रजी ओळी दिल्या नाहीत. साठ वर्षं लागली.

म्हणून मंडळापुढं तीन गोष्टी ठेवतोय. आक्काचा गळा आक्काच्याच तोंडात. आपल्यातली निदान निम्मी माणसं पडद्यावर, आणि झेंडे धरून मागं उभी नव्हेत, बोलणारी. तिसरं, जे ठरेल ते स्टॅम्प पेपरवर. काही जण म्हणतील, एवढं ताणलं तर सिनेमाच होणार नाही, आपलं म्हणणं लोकांपर्यंत जायचं राहील. हा मुद्दा मला खोडता येत नाही. बैठकीत भांडू.

आक्काला मी म्युरिएल स्मिथची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "मग त्या बाईचं गाणं तिच्या नावानं ऱ्हायलंच नाय कुठं?" राहिलंय. ब्रॉडवेच्या नटसंचाची जुनी रेकॉर्ड आहे. मोबाईलवर लावली. आक्कानं भाकरी थापायची थांबवली. शब्द एक कळला नाही तिला. संपल्यावर म्हणाली, "परत लाव. आन् जरा मोठ्यानं."

बैठक रविवारी संध्याकाळी सहाला. आक्का बोलणार आहे, तेव्हा चहाचं दुसऱ्या कुणीतरी बघा.