मिरजेच्या सतारीवरची लाख

मिरजेत सतारी आणि तंबोरे घडू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. ते घडवणारे सुतार नव्हते, शिकलगार होते. तलवारींना धार लावणे, पाती घासून लखलखीत करणे हा त्यांचा पिढीजात धंदा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा आटल्या आणि हत्यारांची गिऱ्हाइकेही आटली. मिरज संस्थानच्या पटवर्धनांना गाण्याचा शौक असल्याने गवयांचा राबता मात्र होता. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू वाद्यांकडे वळले, आणि त्यांचे वंशज पुढे सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. सतारमेकर गल्लीत आजही राहते घर आणि कारखाना यांच्यात फार अंतर नसते.

या कामातल्या रंग-पॉलिशाकडे लिहिणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. सगळी वाहवा जवारीच्या, म्हणजे घोडी घासून सूर खुलवण्याच्या कामाच्या वाट्याला येते. पण पाते घासता घासता पृष्ठभागाची जी पारख शिकलगारांच्या हातात मुरली होती, ती लाकडावर उपयोगी पडली नसती तरच नवल.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून येतो. हा कडू भोपळा वेलावर पूर्ण जून होऊ देतात आणि कित्येक महिने वाळवतात. पुढची तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची पातळ फळी, आणि दांडी बहुधा तून लाकडाची. भोपळा कापून, आतून साफ करून त्यावर गळा, तबली आणि दांडी बसवतात. सांधे पूर्वापार सरसाने जोडले जात. मग भेगा बुजवणे आणि काचपेपरने घासणे सुरू होते. कोरीव पट्ट्यांच्या नक्षीत रंगीत लाख भरतात. या पट्ट्या एकेकाळी हस्तिदंती असत. १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, भारतातही कायदा कडक झाला आणि त्यांची जागा प्लास्टिकने घेतली.

शेवटचे काम पॉलिशाचे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, ती शुद्ध करून चपडा तयार होतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, हवा तर रंग मिसळायचा, आणि मऊ कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने वाद्यावर फिरवायचा. बोळा चिकटू नये म्हणून त्यावर तेलाचा थेंब टाकतात. एक हात दिसतोही नाही. असे अनेक हात दिल्यावर चकाकी येते. पावसाळ्यात हवेतली वाफ पॉलिशावर पांढरट झाक आणते, त्यामुळे हे काम कोरड्या दिवसांवर अवलंबून असते. तबलीवर पॉलिश पातळच ठेवावे लागते. तारांची कंपने तिनेच हवेत पोचवायची असतात, आणि जाड थर ती दाबतो.

हीच लाख संगीताच्या दुसऱ्या टोकालाही होती. मिरजेत राहिलेल्या आणि १९३७ मध्ये निधन पावलेल्या गायक अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा मुख्य बंधक चपडाच. गायकाचा तंबोरा आणि त्याच्या आवाजाची तबकडी, दोन्हींवर एकाच किड्याचे उपकार होते!

तंबोऱ्याच्या तबलीला जाड थर चालत नाही, पण विजेच्या गिटारीची गोष्ट वेगळी. तारेखाली बसवलेले चुंबक आणि तारेची गुंडाळी ध्वनीचा संकेत उचलतात. लाकडी अंगाने तो हवेत पोचवायचा नसतो. म्हणून जाड, रंगीत थर तिथे फारसा नडत नाही. १९२०च्या दशकात अमेरिकी मोटारींसाठी झटपट सुकणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. पुढे फेंडरसारख्या कारखान्यांनी मोटारींचेच रंग गिटारींवर फवारले.  तसेच झटपट लॅकर आणि पॉलीयुरेथेन आपल्याकडे लाकूडकामात रुळले.

पॉलीयुरेथेन ओरखडे आणि ओल चांगली सोसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चपड्याचा एक गुण त्यात नाही. जुन्या चपड्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला की तो पुन्हा विरघळतो आणि नवा हात जुन्यात मिसळून जातो. त्यामुळे भेग बुजवली तरी ठिगळ दिसत नाही. पॉलीयुरेथेन मात्र घासूनच काढावे लागते, आणि त्यात पातळ तबली झिजण्याची भीती.

१९७९ मध्ये बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. रियाजाला तंबोऱ्यावर साथ देणारे माणूस लागेनासे झाले, आणि मिरजेच्या खऱ्या तंबोऱ्यापुढे स्पर्धक उभा राहिला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे मिरजेच्या नावाला कायद्याचे संरक्षण आले. चपड्याची चिकाटी ठेवायची की फवारा धरायचा, हे मात्र अजून ज्या त्या कारखान्यावर आणि गिऱ्हाइकाच्या घाईवर ठरते.