पान फोनात का मावत नाही?

परवा शेजारच्या काकू मोबाईलवर एक अर्ज भरायला घेऊन आल्या. पान उघडलं, नाव-गाव भरलं, पण 'पुढे' हे बटण काही सापडेना. ते पार उजवीकडे, पडद्याबाहेर गेलेलं. अर्धा तास बोटानं पान सरकवून काकू म्हणाल्या, "हे फोनात मावतच नाई व पोरी. मलेच समजत नसंन." मी म्हटलं, काकू, चूक तुमची नाही, पानाच्या मांडणीची आहे. आज तिचीच गोष्ट सांगते.

1991 साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतून वेब सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हाची पानं साधी, एकाखाली एक मजकूर. पुढे लोकांना वर्तमानपत्रासारखे शेजारी-शेजारी रकाने हवेसे वाटले. त्याची सोय नव्हती. आकडे मांडायला तक्ते मात्र होते. मग पान तयार करणाऱ्यांनी अख्खं पानच तक्त्यात बसवलं, तक्त्याच्या घरात पुन्हा तक्ता. जुन्या मातीच्या घरातल्या कोनाड्यांसारखंच ते. कोनाडा हलवायचा तर भिंत फोडावी लागते. मोठ्या कॉम्प्युटरवर अशी पानं छान दिसत. पण अंध बाईला पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर घराघरानं वाचत जाई आणि मजकुराचा क्रम विस्कटे.

उपाय लवकर सुचला होता. सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन व्युम ली यांनी ऑक्टोबर 1994 मध्ये सुचवलं, की मजकूर वेगळा ठेवा आणि मांडणीचे नियम वेगळे लिहा. हेच सीएसएस. डिसेंबर 1996 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण सगळे ब्राउझर ते नियम सारखे पाळत नव्हते, म्हणून तक्ते आणखी बरीच वर्षं टिकले. मग हातोहाती मोबाईल आले. 2010 साली इथन मार्कोट यांनी मांडलं, की पडदा केवढा आहे ते पाहून पानानंच आपली मांडणी बदलावी. 2017 मध्ये ग्रिड ही रकान्यांची खास सोय मोठ्या ब्राउझरांत आली.

आपली पंगत आठवा. मांडवात चार रांगा बसतात, ओसरीवर एकच. पण वाढायचा क्रम बदलत नाही आणि उपाशी कोणी उठत नाही. नवी मांडणी अशी असते.

तक्ता वाईट नाही हं. आपला सातबारा तक्त्यातच शोभतो, कारण तिथं खरोखरच रकाने आहेत. अख्खं पान त्यात कोंबणं चूक.

काकूंचा फोन आडवा धरला, दोन बोटांनी पान लहान केलं, तेव्हा बटण दिसलं आणि अर्ज गेला. तुमचंही पान असं अडलं तर हे करून पाहा. तरीही जमलं नाही तर त्या कचेरीत जाऊन "मला येत नाही" म्हणू नका. "तुमचं पान फोनात मावत नाही" असं सांगा. सांगितल्याशिवाय त्यांना कळायचं कसं?