मालिका, समुद्रकिनारा आणि कौटुंबिक फुरसत: एक ऐतिहासिक टिपण

फुरसतीचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा साधनांचा इतिहास लिहितात. ती फुरसत घरातील नेमकी कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न मागे राहतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९८४ मध्ये ‘हम लोग’ आणि २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ प्रसारित होऊ लागले. त्या वेळी रस्ते ओस पडत, शेजारीपाजारी एकाच संचासमोर दाटीवाटीने बसत. संच ज्या घरी, तेथील गृहिणीला मात्र स्वयंपाक आधी उरकावा लागे आणि मध्येच चहासाठी उठावेही लागे. सामूहिक आनंदाच्या वर्णनांत ही बाब सहसा येत नाही.

रजेच्या दिवसांबाबतही हेच दिसते. मुंबईतील कोकणी चाकरमान्याची मे महिन्यातील रजा ही गावाकडची रजा होती. समुद्र तेथे मासेमारीचा होता, सहलीचा नव्हे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, तर कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर गणपतीपुळे, तारकर्ली येथे सहकुटुंब सहलींचा ओघ वाढला. घरगुती निवास-न्याहारीच्या सोयीमुळे शहरातील गृहिणी दोन दिवस चुलीपासून सुटली. ते काम किनाऱ्यावरील गृहिणीकडे गेले. फरक इतकाच, की येथे त्या कामाला दर ठरलेला होता.