लिनक्स, डेस्कटॉप : वापरकर्त्यांच्या सूचनांचा इतिहास

लिनक्स हा संगणकाच्या परिचालन प्रणालीचा गाभा (कर्नल) होय. या गाभ्याभोवती ग्नू प्रकल्पातील साधने, खिडक्या व चिन्हे यांनी युक्त असा दर्शनी पट आणि नित्योपयोगी आज्ञावल्या यांची जुळणी करून वैयक्तिक संगणकासाठी जी प्रणाली सिद्ध केली जाते, तिला डेस्कटॉप लिनक्स म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट व भारतातील बॉस ही तिची काही वितरणे होत. या प्रणालीची मूळ आज्ञावली मुक्त परवान्याखाली खुली असल्याने ती कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येते. त्यामुळे वापरकर्त्याने केलेली सूचना ही नुसती तक्रार न राहता प्रणालीच्या जडणघडणीचाच एक भाग ठरते. अशा सूचनांची पद्धत कशी रूढ झाली, तिच्या मर्यादा कोणत्या आणि मराठी लेखनाच्या संदर्भात तिचे फलित काय, यांचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

आरंभ : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनुस टोर्व्हाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता मिनिक्स या शैक्षणिक प्रणालीच्या वापरकर्त्यांना दिली. मिनिक्समधील काय आवडते व काय आवडत नाही, अशी विचारणा तिच्यात होती. सूचनांचे स्वागत असले, तरी त्या अमलात आणण्याचे वचन आपण देत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले होते. आमंत्रण आणि अस्वीकृतीची मुभा या दोन्ही गोष्टी अशा प्रकारे लिनक्सच्या पहिल्याच निवेदनात आढळतात. १९९२ मध्ये लिनक्सने ग्नूचा परवाना स्वीकारला.

इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पाने दोषांची नोंद ठेवणारी सार्वजनिक व्यवस्था १९९४ च्या सुमारास उभारली. प्रत्येक तक्रारीस क्रमांक देणे, तिच्यावरील सर्व चर्चा जतन करणे आणि निवारण झाल्यावर ती बंद झाल्याचे नोंदविणे, असे तिचे स्वरूप होते. १९९७ च्या डेबियन सामाजिक करारात दोष लपवून ठेवले जाणार नाहीत, असे कलमच घालण्यात आले. व्यापारी उत्पादनाच्या बाबतीत ग्राहकाची तक्रार उत्पादकाच्या दप्तरी राहते. येथे ती सर्वांसमोर उघडी राहते, हा या व्यवस्थेचा विशेष होय.

दर्शनी पट व सामान्य वापरकर्ता : प्रारंभी लिनक्सचा वापर करणारे बहुतेक जण स्वतःच आज्ञावलीकार होते. मातियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीई प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा सामान्य माणसाला उपयोगी पडेल असा सुसंगत पट लिनक्सवर नाही, ही उणीव त्यांनी पुढे मांडली. १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा प्रकल्प सुरू झाला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००१ मध्ये ग्नोम वापरणाऱ्या व्यक्तींचे प्रत्यक्ष निरीक्षण करून एक अभ्यास प्रसिद्ध केला. जाणकारांना स्वाभाविक वाटणारी नावे व चिन्हे नवख्याला बुचकळ्यात टाकतात, हे त्यातून दिसून आले. २००२ मधील ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीच्या सुटसुटीत मांडणीवर या निष्कर्षांचा प्रभाव पडला.

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती निघाली. तिचे प्रवर्तक मार्क शटलवर्थ यांनी तिच्या दोषनोंदवहीत पहिला दोष म्हणून मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बाजारातील वर्चस्वाचीच नोंद केली होती. ती २०१३ मध्ये बंद करण्यात आली. २००८ मध्ये उबुंटूने सूचना मांडण्यासाठी व त्यांवर अनुकूल-प्रतिकूल मते नोंदविण्यासाठी ‘ब्रेनस्टॉर्म’ हे स्वतंत्र दालन उघडले. २००९ मध्ये ‘शंभर कागदी ओरखडे’ अशा अर्थाच्या नावाने एक मोहीम झाली. सोप्या उपायाने दूर होणारे, परंतु रोज बोचणारे शंभर लहान दोष वेचून काढणे हे तिचे उद्दिष्ट होते. ही पद्धत लोकप्रिय झाली. तथापि मतांची संख्या आणि प्रत्यक्ष निर्णय यांत अंतर राहिले. २०१० मध्ये खिडकीच्या गुंड्या उजवीकडून डावीकडे नेण्यात आल्या, तेव्हा मोठा विरोध झाला. रचनेचे निर्णय मतदानाने होत नाहीत, अशी भूमिका शटलवर्थ यांनी घेतली. ब्रेनस्टॉर्म दालन २०१३ मध्ये बंद झाले.

सूचना नाकारली गेल्यास मुक्त प्रणालीत आणखी एक मार्ग उरतो. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने जुनी मांडणी मुळापासून बदलली. नाराज वापरकर्त्यांपैकी काहींनी जुन्या ग्नोमची आज्ञावली घेऊन ‘माटे’ हा पट चालू ठेवला. लिनक्स मिंटने ‘सिनॅमन’ हा पट विकसित केला. उबुंटूने २०११ मध्ये मुख्य पट म्हणून स्वीकारलेला ‘युनिटी’ सोडून देण्याचा निर्णय एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाला व ती प्रणाली पुन्हा ग्नोमकडे वळली.

मराठी लेखनाची पार्श्वभूमी : यंत्र आणि देवनागरी लिपी यांचा संबंध येतो, तेव्हा लिपीनेच यंत्रासाठी मुरड घालावी, असा विचार विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रभावी होता. वि. दा. सावरकर यांनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी व लखनौ येथे १९५३ मध्ये भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने ऱ्हस्व इकाराच्या वेलांटीबाबत सुचविलेला बदल ही त्याची उदाहरणे होत. मुद्रण व टंकलेखन सुलभ व्हावे, ही त्यामागील एक प्रेरणा होती. संगणकाने ही स्थिती पालटली. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले जिस्ट तंत्र, १९९१ चे इस्की हे भारतीय मानक आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले युनिकोड यांमुळे अक्षराचा संकेतांक आणि त्याचे दृश्य रूप या गोष्टी वेगळ्या झाल्या. लिपी न बदलता यंत्राला लिपी शिकविणे शक्य झाले. मात्र काय शिकवायचे ते लिपी वापरणाऱ्याने सांगणे आवश्यक ठरले. [⟶ देवनागरी लिपी].

याचे महत्त्व एका गावाच्या उदाहरणाने लक्षात येईल. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गडब हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ व नागोठणे यांच्या दरम्यान वसले आहे; लगतच रोहे तालुका लागतो. धरमतर खाडी व आंबा नदी यांच्या या परिसरात भरतीचे पाणी बांध फोडून भातशेतीत शिरणे ही जुनी आपत्ती आहे. ‘खाऱ्या पाण्यामुळे सातबाऱ्यावरील जमीन नापीक झाल्याबाबत शेतकऱ्यांचा अर्ज’ एवढे एकच वाक्य संगणकावर लिहावयाचे झाल्यास त्यात ‘ऱ्य’ हे जोडाक्षर तीनदा येते. हिंदीत ते प्रचलित नाही. हिंदीच्या नियमांवर बेतलेल्या व्यवस्थेत त्याच्या जागी ‘र्य’ उमटते आणि ‘शेतकर्यांचा’ असे अशुद्ध रूप तयार होते. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे : ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला व ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग.

दोषांचे स्थान व निवारण : वापरकर्त्याला दोष एकच दिसत असला, तरी त्याचे मूळ अनेक थरांपैकी कोणत्याही एका थरात असू शकते. कळफलक, संकेतांक, टंक (फाँट), अक्षरजुळणी करणारी आज्ञावली, वर्णक्रमाचे कोष्टक व भाषांतर हे ते थर होत. सूचना योग्य थराच्या कर्त्यापर्यंत पोहोचली, तरच ती फलद्रूप होते.

(१) संकेतांक : ‘ऱ्य’साठी युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरण्याची सोय आहे, इन्स्क्रिप्ट कळफलकावर ते शिफ्टसह र ची कळ दाबून मिळते. त्याचबरोबर र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी तेच रूप साधण्याचा जुना मार्गही चालू राहिला. परिणामी, डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी भिन्न ठरतात व एका पद्धतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. मराठीतील ‘ॲ’ या स्वराला तर स्वतंत्र संकेतांकच नव्हता. ए या अक्षरावर चंद्र देऊन लिहिले जाणारे ‘ऍ’ हे हिंदी वळणाचे रूप तेवढे उपलब्ध होते. २००८ मध्ये युनिकोडच्या ५·१ या आवृत्तीत ‘ॲ’चा समावेश झाला.

(२) टंक व अक्षरजुळणी : रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘लोहित’ ही टंकमालिका मुक्त परवान्याखाली उपलब्ध केली. तीत मराठी व हिंदी यांसाठी आरंभी वेगवेगळे टंक होते. पुढे ते एका देवनागरी टंकात एकत्र करण्यात आले. ल व श यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न असली, तरी संकेतांक एकच असतात. म्हणून लेखन कोणत्या भाषेतील आहे हे प्रणालीला कळले, तरच योग्य वळण निवडले जाते. महाराष्ट्र शासनाने वर्णमाला व लिपी यांबाबतचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित निर्णयात देठयुक्त श व पाकळीयुक्त ल यांचा आग्रह धरला. अक्षरजुळणीचे काम पूर्वी निरनिराळ्या दर्शनी पटांत निरनिराळ्या आज्ञावल्या करीत. त्यामुळे एके ठिकाणी दूर झालेला दोष दुसरीकडे तसाच राही. बेहदाद इस्फहबोद यांच्या ‘हार्फबझ’ या आज्ञावलीने ही द्विरुक्ती बरीच कमी केली. ग्नोममधील पँगो या घटकाने २०१२ मध्ये व पुढे लिबरऑफिसनेही तिचा स्वीकार केला. तिचे नाव फार्सी असून त्यातील ‘हर्फ’ हा शब्द मराठीत ‘हरफ’ या रूपाने परिचित आहे.

(३) वर्णक्रम : युनिकोडच्या कोष्टकात ळ हे अक्षर ल नंतर व व च्या आधी येते, मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ह नंतर आहे व त्यापुढे क्ष आणि ज्ञ येतात. केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावल्यास ‘खळे’ हा शब्द ‘खवले’ या शब्दाच्या आधी येतो. कोश, मतदारयादी किंवा हजेरीपट यांच्या दृष्टीने ही चूक लहान नाही. भाषानिहाय संकेतांची जी सामायिक माहिती युनिकोड संघटना प्रसिद्ध करते, तीत मराठीसाठी ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम नोंदविलेला आहे. जेथे ही माहिती वापरली जाते, तेथे क्रम बरोबर लागतो.

(४) भाषांतर : २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांत लिनक्स आणण्याच्या प्रयत्नांस चालना दिली. मराठी भाषांतरे बव्हंशी स्वयंसेवकांनी व काही प्रमाणात कंपन्यांतील भाषांतरकारांनी केली. एकाच कल्पनेला एका खिडकीत ‘फाइल’, दुसरीत ‘संचिका’ व तिसरीत ‘धारिका’ असे शब्द आल्यास वापरकर्ता गोंधळतो. वारंवार येणाऱ्या संज्ञांची भाषानिहाय सूची चर्चेने निश्चित करण्यासाठी २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा प्रकल्प रेड हॅटच्या साहाय्याने सुरू झाला. १९६२ च्या पदनाम कोशावर झालेली टीका येथे आठवते : संज्ञा शास्त्रशुद्ध असणे पुरेसे नसते, ती वापरणाऱ्याच्या तोंडी बसावी लागते. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित बॉस ही प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या सोयीसह प्रसृत केली. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिनक्सविषयक पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध करून दिले.

मूल्यमापन : मतसंख्येवर आधारलेली पद्धत बहुसंख्यांच्या सोयीची असते. खिडकीच्या गुंड्यांविषयी हजारो लोक मत देऊ शकतात. ‘ऱ्य’विषयी मत देण्याइतकी माहिती मराठी व तत्सम मोजक्या भाषा लिहिणाऱ्यांनाच असते. याउलट दोषनोंदीची पद्धत मते मोजत नाही. कोणते अक्षर कोणत्या कळांनी लिहिले, काय उमटले व काय उमटावयास हवे होते, हे नेमके सांगणारी एकच नोंद पुरेशी होऊ शकते आणि तिचे निवारण झाल्यास त्याचा लाभ त्या भाषेच्या सर्व लेखकांना मिळतो. अल्पसंख्य भाषिकांच्या दृष्टीने मुक्त प्रणालीचे हे खरे बलस्थान होय.

मात्र ही नोंद बहुधा इंग्रजीत करावी लागते व तिची परिभाषा तांत्रिक असते. ज्याला दोष रोज जाणवतो, तो शेतकरी, शिक्षक वा ग्रामपंचायतीचा लिपिक या दारापर्यंत क्वचितच पोहोचतो. चुकीचे अक्षर हे यंत्राचे प्राक्तन समजून तो शब्दच बदलतो किंवा अशुद्ध रूप स्वीकारतो. आजच्या लिनक्स वितरणांत ‘ऱ्य’ सामान्यतः शुद्ध उमटते, ‘ॲ’ उपलब्ध आहे व वर्णक्रमाची माहितीही सिद्ध आहे. दुहेरी संकेतनामुळे येणारी शोधातील अडचण, भाषा निवडली नसल्यास बदलणारी ल-श यांची वळणे व भाषांतरांतील विसंगती यांबाबत मात्र सूचनांना अद्याप वाव आहे. त्या मराठीत स्वीकारून योग्य थराकडे पोहोचविणारी मध्यस्थ व्यवस्था महाविद्यालये व ग्रंथालये यांच्या द्वारा उभी राहिल्यास खाडीकाठच्या अर्जदारालाही आपला शब्द बदलण्याऐवजी यंत्र दुरुस्त करून घेता येईल.