सागरी बचाव संस्थांचे ध्वज : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ध्वजांचा इतिहास बहुधा राज्यसत्तेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जहाजावरील ध्वजही प्रथम त्याचे राष्ट्रीयत्व सांगतो. बुडणाऱ्यांचे राष्ट्रीयत्व न विचारता धावून जाणाऱ्या संस्थांनी मात्र स्वतःचे निराळे ध्वज स्वीकारले. त्यामागील कारणांचा शोध प्रस्तुत लेखात ब्रिटिश व जर्मन संस्थांच्या आधारे घेतला आहे.

ब्रिटिश संस्थेचा ध्वज :
सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने १८२४ मध्ये लंडन येथे स्थापन झालेली संस्था १८५४ पासून ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ म्हणून ओळखली जाते. १८५४ पासून मिळणारे शासकीय अनुदान तिने १८६९ मध्ये सोडून दिले व ती लोकवर्गणीवर विसंबून राहिली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८८४ मध्ये, लिओनोरा प्रेस्टन यांनी तिच्या ध्वजाची रचना केली. त्यात सेंट जॉर्जचा क्रूस, राजमुकुट, नांगर आणि संस्थेची आद्याक्षरे आहेत. क्रूस व मुकुट राष्ट्राचे स्मरण देतात. आद्याक्षरे मात्र ही नौका शासनाची नसून संस्थेची आहे, हे स्पष्ट करतात.

हा भेद केवळ औपचारिक नव्हता. डिसेंबर १८८६ मध्ये ‘मेक्सिको’ या जर्मन जहाजाच्या मदतीस गेलेले २७ ब्रिटिश स्वयंसेवक बुडाले. या दुर्घटनेनंतर चार्ल्स मकारा यांच्या प्रयत्नांतून १८९१ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर संस्थेसाठी जाहीर निधिसंकलन झाले. सागरकिनाऱ्यापासून दूरच्या नागरिकांशी संस्थेचे नाते असे जुळत असताना तिची स्वतंत्र ओळख महत्त्वाची ठरली. १९०८ मध्ये प्रेस्टन यांचा ध्वज अधिकृतपणे स्वीकारण्यात आला. पुढे १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले, तरी तेथील किनाऱ्यावर संस्थेचे कार्य चालूच राहिले. राज्याची सीमा बदलली. सेवेची सीमा बदलली नाही.

जर्मन संस्थेचे चिन्ह :
जर्मन बचाव संस्था २९ मे १८६५ रोजी कील येथे, म्हणजे १८७१ च्या एकीकरणापूर्वीच, स्थापन झाली. देणग्यांवर चालणाऱ्या या संस्थेच्या चिन्हात पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या कडांचा लाल हान्सा क्रूस आहे. व्यापारी नगरांच्या परंपरेशी नाते सांगणारे हे चिन्ह कोणत्याही एका राजवटीचे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीतील केंद्रे संस्थेपासून तुटली. १९९० मध्ये ती पुन्हा तिच्याकडे आली.

युद्धकाळातील संरक्षण :
युद्धात केवळ संस्थेचा ध्वज पुरेसा नसतो. १९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराच्या २७ व्या कलमाने अधिकृत मान्यता असलेल्या बचाव संस्थांच्या किनारी नौकांना, युद्धकार्याच्या मर्यादेत, संरक्षण दिले. त्यासाठी राज्याची मान्यता मात्र आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
बचाव संस्थेचा ध्वज राष्ट्रध्वजाचा प्रतिस्पर्धी नाही. तो देणगीदार, स्वयंसेवक आणि संकटग्रस्त यांच्यातील विश्वासाची खूण आहे. शांततेच्या काळात ही खूण समाजाच्या आधारावर टिकते. युद्धात तिला राज्याच्या मान्यतेची जोड लागते. म्हणूनच या ध्वजांचा अभ्यास राज्याच्या इतिहासाइतकाच नागरी समाजाच्या इतिहासाचाही भाग मानला पाहिजे.