माहितगार ते संशोधक : नवाहो भाषेच्या अभ्यासाची वाटचाल

एखाद्या भाषेचे व्याकरण कोणी सांगावे? ती परिश्रमाने आत्मसात करणाऱ्या परकीय पंडिताने, की आईच्या कुशीत ती शिकलेल्याने? अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो लोकांच्या भाषेचा इतिहास या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो.

नवाहो स्वतःला 'दिने' म्हणवितात. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांना मायभूमीतून हुसकावून शेकडो मैल पायी चालविले. १८६८ च्या तहाने ते स्वगृही परतले. मात्र त्याच तहात सहा ते सोळा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिक्षणासाठी शाळेत पाठविण्याची अट होती. पुढे सरकारी वसतिशाळांत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या.

अशा काळात, १८९८ मध्ये, मदर कॅथरिन ड्रेक्सेल यांच्या साहाय्याने फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ॲरिझोनात सेंट मायकल्स येथे मिशन उघडले. सन २००० मध्ये संतपद लाभलेल्या त्या याच माता. या मिशनमध्ये १९०० साली आलेल्या फादर बेरार्ड हेली यांनी आपले आयुष्य नवाहो भाषेला वाहिले. १९१० साली फ्रान्सिस्कनांनी प्रसिद्ध केलेला भाषा व लोकजीवनाचा कोश आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. १९४३ साली रॉबर्ट यंग यांच्या ग्रंथावर विल्यम मॉर्गन या नवाहो सहकाऱ्याचे नाव सहलेखक म्हणून झळकले. तोवर नवाहो माणूस बहुधा 'माहितगार' म्हणूनच वावरत होता; निष्कर्ष काढणारे दुसरेच असत.

हे चित्र पालटण्यात मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी संस्थेतील प्राध्यापक केनेथ हेल (१९३४–२००१) यांचा वाटा मोठा आहे. भाषेचा जन्मजात भाषकच तिचा शास्त्रज्ञ व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. त्याचे मर्म एका उदाहरणाने कळेल. 'घोड्याने माणसाला लाथ मारली' हे वाक्य नवाहोत घोड्याला अग्रस्थान देऊन बोलले, तर ते कानाला खटकते. तेथे माणसाचा उल्लेख आधी यावा लागतो व क्रियापदातील 'यि' या उपसर्गाच्या जागी 'बि' येतो. हेल यांनी १९७३ मध्ये या रचनेची चर्चा केली. पुढच्याच वर्षी मेरी हेलन क्रीमर या नवाहो विदुषीने नामांची श्रेणी उलगडून दाखविली. वाक्यरचनेच्या मुळाशी दिने लोकांची सृष्टीविषयीची दृष्टी आहे, हे घरच्या माणसाने सांगितले.

१९७८ साली पॉल प्लॅटेरो यांनी एमआयटीत आणि एलाव्हिना पर्किन्स यांनी ॲरिझोना विद्यापीठात नवाहो वाक्यरचनेवर डॉक्टरेट मिळविली. १९९१ मध्ये मेरीॲन विली यांनी ॲरिझोनातच ती परंपरा पुढे नेली. ज्या भाषेसाठी शाळेत शिक्षा होत असे, तिच्यावरच विद्यापीठाने सर्वोच्च पदवी दिली.

तथापि प्रबंधांनी भाषा जगत नाही. नवाहो भाषकांची संख्या आजही लाखाच्या वर असली, तरी अनेक घरांतील मुले इंग्रजीच बोलतात. विद्वानांनी भाषेला प्रतिष्ठा मिळवून दिली. तिला श्वास मात्र घरातल्या आजीने आणि तिच्याशी बोलणाऱ्या नातवंडानेच द्यावयाचा आहे.