सरहद्दीवरची चौदा गावे

दक्षिण चीन समुद्रात स्कारबरो नावाचा प्रवाळखडक आहे. चीन, तैवान व फिलिपिन्स, तिघेही तो आपलाच म्हणतात. तिथे वस्ती नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या माणिकगड डोंगरावर असाच तंटा चौदा गावांचा आहे. तिथे मात्र माणसे राहतात.

निजामी अमलात राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 च्या प्रांतरचनेत तो नांदेडला जोडला, 1959 मध्ये चंद्रपूरला. कागदावर रेघ ओढली. डोंगरावर ती कुठून जाते यावर एकमत झाले नाही. पुढे दुष्काळाने पोळलेली मराठवाड्यातली कुटुंबे इथे येऊन वसली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2014 साली आंध्रच्या जागी तेलंगणा आले, दावा तोच.

परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा. एका गावात दोन सरपंच, मराठी व तेलुगू अशा दोन शाळा. एका घरात दोन रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे. ऐकणारा हसतो, ‘चैन आहे बुवा!’ म्हणतो.

निजामाचे दफ्तर उर्दूत होते. मौजा, तालुका, सरहद्द हे शब्द मी वर्गात उर्दू म्हणून शिकवतो. इथला शेतकरी तेच मराठी म्हणून बोलतो. त्यावर भांडण नाही. पण बापाने कसलेल्या जमिनीचा पट्टा अनेकांकडे अजून नाही.